आकाशाच्या हिशेबात वाडी कुठे आहे?

पुण्याकडून घाट उतरून येणारी रेल्वेगाडी कर्जतला पोहोचण्याआधी घाटात ठरावीक ठिकाणी थांबते. प्रवासी कुरकुरतात, घड्याळ पाहतात. परंतु हा थांबा ब्रेक तपासण्यासाठी असतो. घाटात मुख्य रुळापासून एक फाटा वर चढावर नेलेला असतो. गाडी चालकाच्या ताब्यात आहे अशी खात्री पटेपर्यंत सांधा त्या फाट्याकडेच वळवून ठेवलेला असतो. ताबा सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन थांबावी, खालच्या स्टेशनावर, खालच्या वस्तीवर कोसळू नये, हा त्यामागचा विचार आहे. थोडक्यात, गाडी सुरक्षित आहे असे घाट गृहीत धरत नाही. ‘आधी सिद्ध कर, मग पुढे जा’ असे तो सांगतो. १८६३ साली सुरू झालेल्या या भोर घाटाच्या रेल्वेने बांधणीच्या काळात हजारो मजुरांचे बळी घेतले. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? पण सुरक्षिततेचा हा साधा धडा कर्जत-खालापूरची माणसे रोज डोळ्यांनी पाहतात.

हा धडा आज आठवण्याचे कारण म्हणजे कर्जत-खालापूरच्या डोक्यावरचे आकाश आता बदलले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. हा विमानतळ मुंबईत नाही, तो आपल्या रायगड जिल्ह्यात पनवेल तालुक्यात आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवासी आणि सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ९ कोटी प्रवासी, असा त्याचा आराखडा आहे. त्यासाठी उलव्याचा डोंगर कापला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठवली. ते सर्व होऊन गेले. आता प्रश्न पुढचा आहे. मुंबईचा जुना विमानतळ येथून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे आधीच दिवसाला हजाराच्या आसपास विमाने चढउतार करतात. एकमेकांच्या इतक्या जवळ दोन मोठे विमानतळ, एकच आकाश, त्यात पावसाळ्याचे चार महिने आणि पूर्वेला प्रबळगड, माथेरान, इर्शाळगड यांची रांग. नव्या विमानतळाच्या धावपट्टीचा रोख साधारण पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे समुद्राकडून अथवा या डोंगरांच्या बाजूने. डोंगर हलत नाहीत. हलते ते विमान, आणि चुकतो तो माणूस.

ही नुसती कल्पना नाही. जुलै १९६२ मध्ये बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे विमान रात्री, पावसाळी हवेत, जुन्नरच्या डोंगरात कोसळले आणि ९४ माणसे मेली. आपण मुंबईच्या जवळ आलो असे समजून वैमानिकाने विमान वेळेआधीच खाली घेतले होते. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि आतील सर्व ४५ जण ठार झाले. दोन्ही वेळा सह्याद्रीचा पावसाळा होता आणि समोर डोंगर होता. त्यानंतर जमीन जवळ आल्याची सूचना देणारी यंत्रे विमानात आली, रडार सुधारले, उपग्रहावरून मार्ग दाखवणारी आपल्या देशाची ‘गगन’ प्रणाली उभी राहिली. विमानप्रवास आज पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु तो आपोआप सुरक्षित झालेला नाही. प्रत्येक सुधारणेच्या मागे मेलेल्या माणसांची यादी आहे. म्हणूनच आज जगभर असा विचार चालू आहे की, माणसे मरेपर्यंत थांबायचे कशाला? अपघात होण्याआधीच तो ओळखता येणार नाही काय?

येतो. निदान बऱ्याच प्रमाणात येतो. त्याची रीत समजायला फारशी अवघड नाही. कोणताही मोठा अपघात एकाएकी होत नाही. त्याच्या आधी त्याच प्रकारच्या अनेक छोट्या चुका होऊन गेलेल्या असतात. दोन विमाने ठरलेल्यापेक्षा जवळ आली आणि थोडक्यात वाचली. नियंत्रकाने एका विमानाला दिलेला आदेश दुसऱ्याने आपला समजून घेतला. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला पडद्यावरचा ठिपका कोणाच्या तरी नजरेतून सुटला. यात कोणी मेले नाही, म्हणून वर्तमानपत्रात बातमी नाही. पण या छोट्या चुका कोणी गोळा केल्या, त्यांचे वर्गीकरण केले, तर पुढचा मोठा अपघात कोठून येणार याची दिशा दिसते. धोका किती वेळा उद्भवू शकतो आणि उद्भवला तर किती माणसे मरतील, या दोन्हींचा एकत्र हिशेब मांडायचा आणि ज्याचा हिशेब जड, त्यावर आधी उपाय करायचा. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई संघटनेने २०१३ मध्ये सुरक्षितता व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियमावलीच केली. अमेरिकेत तर १९७६ पासून वैमानिक व नियंत्रक यांनी आपली चूक स्वतः कळवावी आणि कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहावे अशी व्यवस्था चालू आहे. म्हणजे भविष्य सांगण्याची ही विद्या ज्योतिषाची नाही. ती खालच्या माणसाचे ऐकण्याची विद्या आहे.

आणि न ऐकल्यास काय होते? ३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात एकाच कंपनीची दोन विमाने समोरासमोर आली. दोन्हींत मिळून ६७७ माणसे होती. शिकाऊ नियंत्रकाने विमानांच्या क्रमांकांत गल्लत केली. विमानातील टक्कर टाळणारे यंत्र एक सांगत होते आणि जमिनीवरचा नियंत्रक दुसरेच सांगत होता. एका वैमानिकाने यंत्राचे ऐकले, दुसऱ्याने माणसाचे. टक्कर अगदी थोडक्यात टळली. शंभराच्या आसपास लोक जखमी झाले, पण मेले कोणी नाही. यंत्र आणि माणूस यांत विरोध झाला तर कोणाचे ऐकायचे, हे स्पष्ट करा असे जपानने जगाला सांगितले. जगाने घाई केली नाही. दीड वर्षही पुरते झाले नव्हते, तोच १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या युबरलिंगेन गावावर नेमके तेच घडले. त्या रात्री नियंत्रण कक्षात एकच नियंत्रक दोन पडद्यांचे काम ओढत होता. यंत्र म्हणाले ‘वर जा’, नियंत्रक म्हणाला ‘खाली या’. ७१ जण ठार झाले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. त्यानंतर नियम स्पष्ट झाला. जो इशारा फुकट मिळाला होता, तो ७१ प्राणांची किंमत मोजून पुन्हा विकत घ्यावा लागला.

आपल्या देशाचाही अनुभव वेगळा नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसे मेली. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग होता, विमानाची उंची आपोआप दाखवणारे रडार दिल्लीत कामाला लागलेले नव्हते आणि कझाक वैमानिकांचे इंग्रजी कच्चे होते. टक्कर टाळणारे यंत्र आपल्या आकाशात सक्तीचे झाले ते त्यानंतर. हे विसरून चालणार नाही की, आपल्याकडे शहाणपण नेहमी चितेच्या धुराबरोबर येते.

आता कर्जत-खालापूरच्या वाचकाला आम्ही विचारतो, ही कथा तुम्हाला ओळखीची वाटत नाही काय? १९ जुलै २०२३ ची रात्र आठवा. खालापूर तालुक्यात चौकजवळ, इर्शाळगडाच्या कुशीत वसलेली ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी झोपेत असताना डोंगराखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे ढिगाऱ्यातच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. वाडीवर रस्ता नव्हता, म्हणून यंत्रे चढली नाहीत. माणसांनी पावसात, चिखलात घमेल्या-फावड्यांनी माती उपसली. हेलिकॉप्टर सज्ज ठेवली होती, पण खराब हवामानामुळे ती उडू शकली नाहीत. आणि विधिमंडळात सरकारने काय सांगितले? दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते, कारण तेथे पूर्वी दरड कोसळल्याची नोंद नव्हती!

या एका वाक्यात सगळी व्यवस्था उघडी पडते. पूर्वी मेले नाहीत, म्हणून धोका नाही. म्हणजे यादीत नाव येण्यासाठी आधी मरावे लागते. भोर घाटाच्या सांध्याने जो धडा पिढ्यान्‌पिढ्या पाळला, तो मंत्रालयातील यादीने पाळला नाही. रेल्वेने ‘असुरक्षित समजा, मग सिद्ध करा’ म्हटले. वाडीच्या वाट्याला मात्र ‘सुरक्षित समजा, मग मरा’ आले. २००५ मध्ये महाडच्या जुई-दासगावने, २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातील माळीणच्या १५१ मृतांनी, २०२१ मध्ये तळियेने जे ओरडून सांगितले, ते इर्शाळगडापर्यंत पोहोचले नाही. दरड कुठे पडली होती याची यादी तयार होते. उतार, माती, पाऊस, तोडलेली झाडे यांवरून ती कुठे पडू शकते याचा अंदाज मात्र वाडीपर्यंत येत नाही.

आम्ही विमानाची आणि वाडीची सांगड उगाच घालत नाही. विमानतळावरील हवामानाची नोंद वैमानिकाला दर अर्ध्या तासाने मिळते. वारा कोणत्या दिशेने, ढग किती उंचीवर, किती अंतरापर्यंत दिसते, हे सर्व त्यात असते. हवा अचानक बिघडली तर वेगळी सूचना मिळते. हे योग्यच आहे. दोनशे माणसांचे प्राण त्यावर अवलंबून असतात. पण त्याच ढगाखाली, त्याच डोंगराच्या उतारावर दोनशे माणसांची वाडी झोपलेली असते. तिला काय मिळते? जिल्ह्याला मुसळधार पावसाचा इशारा मिळतो. जिल्ह्याला मिळालेला इशारा आणि वाडीला मिळालेला इशारा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्याच डोंगरांचा पाऊस मोरबे धरणात साठतो आणि नवी मुंबईची तहान भागवतो. डोंगराचे पाणी शहरापर्यंत नेण्याची व्यवस्था होते, पण शहराजवळचे ज्ञान डोंगरापर्यंत आणण्याची होत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात आपण एक माणूस, एक मत आणि एक मत, एक मूल्य मानू आणि सामाजिक-आर्थिक जीवनात एक माणूस, एक मूल्य नाकारत राहू, तर ही विसंगती लोकशाहीलाच धोक्यात आणील. धोक्याचा हिशेब मांडणाऱ्या प्रत्येक कोष्टकाच्या माथ्यावर हे लिहून ठेवले पाहिजे. कारण त्या कोष्टकात कोणाचा जीव धरला आणि कोणाचा गाळला, यावरच सुरक्षितता कोणाची हे ठरते.

आणि आकाशातील अपघात आकाशातच राहतो, असे कोणी समजू नये. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे मेली. त्या १९ जणांनी विमानाचे तिकीट काढलेले नव्हते. उद्या काही विपरीत घडलेच, तर पहिला धावून जाणारा माणूस दिल्लीहून येणार नाही. इर्शाळवाडीला जे वर चढले, तेच खोपोली-कर्जतचे गिर्यारोहक तरुण, आजूबाजूच्या वाड्यांतील ठाकर-कातकरी बांधव, हेच पुढे असतील. मग त्यांना आज काही सांगितले आहे काय? जखमींना कर्जतला न्यायचे, खोपोलीला न्यायचे की पनवेलला? कोणत्या वाडीला रस्ता आहे, कोणत्या नाही? द्रुतगती मार्गावर एक टँकर उलटला तरी तासन्‌तास वाहने अडकतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रश्न पोकळ वाटणार नाही.

आता या नव्या व्यवस्थेच्या कण्याविषयी बोलू. पुढच्या काळात विमाने वाढणार, ड्रोन वाढणार, मार्ग उपग्रहावरून ठरणार, बराचसा हिशेब संगणक करणार. परंतु संगणकही आजारी पडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर संदेश पोहोचवणारी संगणक प्रणाली बंद पडली आणि आठशेहून अधिक उड्डाणांना विलंब झाला. त्याच सुमारास दिल्लीजवळ विमानांना उपग्रहाचे खोटे संकेत मिळत असल्याचे सरकारने संसदेत मान्य केले. अशा वेळी शेवटी उभा राहतो तो माणूस, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक. तो थकलेला असेल तर? संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात नियंत्रकांच्या थकव्याचा प्रश्न मांडला आणि विमान सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या महासंचालनालयातील जवळजवळ निम्म्या जागा रिकाम्या असल्याचे दाखवून दिले. ज्याने पहारा द्यायचा, त्याचीच खुर्ची रिकामी!

डिसेंबर २०२५ मध्ये तर आपण सर्वांनी तमाशा पाहिला. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तासांची विश्रांती देण्याचा नियम लागू झाला होता. तो येणार हे आधीपासून ठाऊक असताना देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीने, इंडिगोने, पुरेशी तयारी केली नाही. हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर जमिनीवर झोपले. आणि शेवट काय झाला? सरकारने त्या कंपनीलाच काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. गाडीचा ब्रेक तपासायचा थांबा गाडीला उशीर होतो म्हणून काढून टाकावा, तसाच हा प्रकार आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कारखान्यांतील आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले. त्यांनी कामगाराच्या विश्रांतीकडे दयेने पाहिले नाही, हक्क म्हणून पाहिले. विमानाच्या बाबतीत तर हा हक्क केवळ कामगाराचा राहत नाही. तो विमानातील दोनशे जणांचा आणि खाली झोपलेल्या वाडीचाही हक्क होतो.

काही मंडळी म्हणतील, विमानतळाने रोजगार येईल, विकास येईल, तुम्ही कशाला अपशकुन करता? आमचा विमानतळाला विरोध नाही. बहुजनांची मुले केवळ ट्रॉली ढकलायला आणि फरशी पुसायला त्या दारात उभी राहू नयेत, नियंत्रण कक्षातील पडद्यासमोर बसावीत, असे आम्हांला वाटते. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या पदवीधरालाही हवाई वाहतूक नियंत्रकाच्या भरतीचा अर्ज करता येतो. कर्जत-खोपोलीच्या महाविद्यालयांतील किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? वाडीत वाढलेला, त्या डोंगरातले धुके आणि वारा अंगावर घेतलेला मुलगा अथवा मुलगी त्या खुर्चीवर बसली, तर पडद्यावरचा डोंगर तिला नुसती रेघ वाटणार नाही.

म्हणूनच आमच्या मागण्या साध्या आहेत. नव्या विमानतळाच्या मार्गांचे नकाशे मराठीत तयार करून कर्जत, खालापूर व पनवेल तालुक्यांतील ग्रामसभांपुढे ठेवावेत. विमान अपघाताच्या आपत्कालीन आराखड्यात डोंगरावरील प्रत्येक वाडी, तिची पायवाट आणि जवळचे रुग्णालय यांची नोंद असावी आणि त्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा, तीही भर पावसात, व्हावी. नियंत्रक व निरीक्षकांच्या रिकाम्या जागा आरक्षणाच्या अनुशेषासह भराव्यात. चूक प्रामाणिकपणे कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षेचे नव्हे, संरक्षणाचे हमीपत्र मिळावे. विश्रांतीच्या नियमातून कोणत्याही कंपनीला सूट नसावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विमानासाठी जे पर्जन्याचे, ढगांचे, वाऱ्याचे ज्ञान सरकारजवळ गोळा होते, ते दरडीखालच्या वाड्यांपर्यंत, त्यांच्या भाषेत आणि वेळेत पोहोचवणारी यंत्रणा उभी करावी.

यांतील एकाही मागणीसाठी नवा शोध लावावा लागत नाही. लागते ती फक्त एक सवय. ज्याचा आवाज बारीक आहे, त्याचे आधी ऐकण्याची सवय. जपानच्या आकाशातील तो इशारा बारीक होता. इर्शाळगडावरून घरंगळणारे पहिले दगडही बारीकच असतील. मोठा आवाज ऐकू येतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

यंदाच्या पावसाळ्यातही इर्शाळगडावर ढग उतरतील. त्या ढगांतून एखादे विमान दिवे लावून सुखरूप खाली येईल, आणि ते यावेच. पण त्या दिव्यांच्या खाली, अंधारात, एखादी वाडी जागी असेल. तिचे नाव यादीत आहे की नाही, हे तिने मरून सिद्ध करायचे काय? सत्तेत बसलेल्यांनी याचे उत्तर पाऊस सुरू होण्याआधी दिले पाहिजे. आणि ते देत नसतील, तर कर्जत-खालापूरच्या जनतेने ग्रामसभेत उभे राहून ते मागितले पाहिजे!